ज्यानं उघडलं त्यानं लावायचं

आमच्या गल्लीच्या तोंडाशी, नाश्त्याच्या दुकानासमोर रस्त्यात एक लोखंडी झाकण आहे आणि ते जरा सैल आहे. स्कूटरचं चाक त्यावरून गेलं की ठणकन वाजतं. तैवानात, आमच्या तैपेईत अशी झाकणं ढिगानं असतील, वाजतही असतील, कुणाचं लक्ष जातं? पण त्या दिवशी मी कामावर निघाले होते, हँडलला गरम सोयादुधाची पिशवी लटकत होती, चाकाखाली ते वाजलं आणि माझी बोटं आपोआप ब्रेकवर आवळली. मागून येणाऱ्या बाईनं स्कूटर जवळजवळ माझ्या अंगावर घातली. म्हणाली, "अगं ए, भर रस्त्यात समाधी लागली का तुला?" मी तिला सॉरीसुद्धा म्हटलं नाही, नुसती पाय टेकून उभी राहिले त्या झाकणावर. पायाखालून, अगदी खोलातून, पाण्याचा आवाज येतोय असं वाटायला लागलं. आणि त्याच क्षणी खिशातला फोन थरथरायला लागला. तो भावोजींचा आहे हे मला न बघताच कळलं. कसं ते विचारू नका. काही माणसांचा फोनसुद्धा त्यांच्यासारखाच वाजतो, हळू, अदबीनं आणि न थांबता.

भावोजी म्हणजे माझ्या ताईचा नवरा, त्सुनेओ कुवाबारा. आणि ताई, शिन-लान, हिवाळ्यात गेली. तिकडे जपानात, निइगाताच्या डोंगरात, नवऱ्याच्या गावी. तिथं घरांच्या दारांसमोरून, रस्त्याखालून, एक नाला वाहतो. नदीचं पाणी त्यात सोडतात आणि प्रत्येक गल्लीची वेळ ठरलेली असते. आपली वेळ आली की दारासमोरचं झाकण उचलायचं, अंगणातलं बर्फ फावड्यानं आत ढकलायचं, पाणी ते ओढून नेतं. काळं पाणी, आणि असं जोरात जाणारं की आत फावडं धरलं तर हातातून सुटून जाईल. त्याचा नियम एकच, ज्यानं उघडलं त्यानं लावायचं. तिथल्या पोरांना चालायच्या आधी हे शिकवत असतील. ताई त्या नाल्यात पडली. पार खाली, गावाबाहेर जिथं जाळी आहे तिथं सापडली. भावोजींनी फोनवर सांगितलं ते असं: परदेशी मुलगी, बर्फाची सवय नाही, बर्फ टाकताना पाय घसरला. पोलिसांच्या कागदावर हेच वाक्य होतं. समोरच्या ओकुमुराबाईंच्या तोंडीही हेच वाक्य. सगळे जण एकच वाक्य बोलायला लागले की मला वाटतं ते कुणीतरी वाटलंय, प्रसादासारखं, प्रत्येकाच्या हातावर थोडं थोडं. आणि मी तिथं पोचायच्या आतच ताईला अग्नी देऊन झाला होता. विमान उशिरा मिळालं म्हणून आम्ही त्यांना थांबा म्हटलं होतं. त्यांनी हो म्हटलं होतं, अगदी कमरेत वाकून हो म्हटलं असेल, आणि थांबले नव्हते.

आईला जाता येत नव्हतं. आमच्याकडे पिकल्या केसांनी काळ्या केसांना निरोप द्यायचा नसतो, द्यावा लागला तर ते त्या जाणाऱ्याचं पाप धरतात. आई म्हणाली, "मी गेले तर तिच्याच माथी दोष लागेल, तू जा आणि तिला घेऊन ये." घेऊन ये म्हणजे अस्थी नाही. अस्थी सासरच्या, त्या त्यांच्याकडेच राहणार. लग्न झालेल्या मुलीला माहेरच्या देव्हाऱ्यातही जागा नसते. पण रस्त्यावर, पाण्यात गेलेल्या माणसाचा जीव तिथंच अडकून उभा राहतो, त्याला त्या जागी जाऊन हाक मारावी लागते. आईनं टेकडीवरच्या मंदिरात ताईसाठी जागा मागून ठेवली होती आणि माझ्या पिशवीत ताईचं नाव लिहिलेली कागदाची पट्टी, उदबत्त्या आणि दोन नाणी दिली होती. नाणी टाकून विचारायचं, येतेस का. एक छाप एक काटा पडला तर हो. दोन्ही सारखी पडली तर नाही. हो आलं की घेऊन निघायचं, आणि वाटेत प्रत्येक पुलाशी, प्रत्येक बोगद्याशी, प्रत्येक पाण्याशी तिला मोठ्यानं सांगायचं, ताई, पूल आलाय, ओलांड. नाही सांगितलं तर गेलेलं माणूस तिथंच थबकतं. त्याला पाणी दिसतं पण पूल दिसत नाही. आई विमानतळावर मला हे इतक्यांदा सांगत होती की शेवटी मी म्हटलं, "आई, तिला नाही, मलाच परत आणायला कुणी पाठवावं लागेल आता." आई हसली नाही. मीही नाही. मला खरं तर ताईला आणायचंच नव्हतं त्या वेळी, म्हणजे आणायचं होतं, पण त्याच्या आधी मला काहीतरी मोडायचं होतं. त्या घरातलं काहीतरी. काय ते माहीत नव्हतं.

आणि घर तरी कसं, ऐका. हिवाळाभर खालच्या मजल्याच्या खिडक्यांना बाहेरून फळ्या ठोकलेल्या असतात, बर्फाच्या भारानं काचा फुटू नयेत म्हणून. त्यामुळे भर दुपारी आत अंधार. दिवे लावलेले, पण तिथल्या काळ्या लाकडानं सगळा उजेड पिऊन टाकलेला. उजेड हवा असेल तर वर जायचं, वरून मग पांढरं, नुसतं पांढरं, डोळे दुखतील असं. ताई चार हिवाळे या अंधारात राहिली. मला फोनवर म्हणायची, "यिंग, मी म्हणजे लोणच्याची बरणी झाले आहे गं, झाकण घट्ट लावून फडताळात ठेवलेली." आणि हसायची. ती सगळ्यालाच हसायची. लहानपणी मी तिची नवी सायकल खांबावर नेऊन आदळली तेव्हाही हसली. कुणी काही मागितलं की पहिल्या शब्दाला हो. आई म्हणायची, ही पोरगी "नाही" म्हणायला शिकली नाही तर कुणीतरी तिला पिठासारखं मळेल. घरात पाऊल ठेवलं आणि मला हे सगळं त्या अंधारात उभं दिसलं, आणि समोर ताईच्या सासूबाई, फुमी, बारीक, ताठ, आवाज असा की कागद सरकवावा. त्यांनी वाकून नमस्कार केला. चहा डाव्या हातानं ओतला. उजवा हात मांडीवर पडून होता, पाहुण्यानं सोबत आणलेल्या पिशवीसारखा. भावोजी म्हणाले, जिन्यावरून पडली होती आई मागे, तो खांदा वर जात नाही. मी ते ऐकलं. लक्षात ठेवा हं, मी ते ऐकलं होतं.

दाराशी ताईचे लाल रबरी बूट होते. कोरडे, पुसलेले, टोकं दाराकडे करून ठेवलेले. तिकडे तशी रीतच आहे, चपला-बूट काढले की ते फिरवून दाराकडे तोंड करून ठेवायचे, जाणाऱ्याला सोपं जावं म्हणून. ताई कायम विसरायची, तिचे बूट घराकडे तोंड करून पडलेले असायचे, आणि सासूबाई न बोलता फिरवायच्या. ताई म्हणायची, "त्या रोज मला न बोलता सांगतात, की तू इथली पाहुणी आहेस." मी त्या बुटांकडे बघत होते तेव्हा भावोजींनी पोलिसांनी दिलेली पिशवी आणून दिली, ताईच्या अंगावरचं जे काय होतं ते. घड्याळ. केसांचा चाप. आणि एक चप्पल. निळे पट्टे, पांढरा तळ, आपली ती रबरी, जी आमच्याकडे सगळे घालतात, बाजारात जाताना, कचरा टाकायला जाताना, न्हाणीघरात. मीच पाठवली होती ती जोडी, ताईला तिकडच्या घरातल्या मऊ सपाता आवडायच्या नाहीत. मी ती चप्पल उलटसुलट करून पाहिली. चार हिवाळे काढलेली बाई रबरी चप्पल घालून बर्फ टाकायला जाते? बूट दाराशी असताना? आणि दुसरं म्हणजे, तिला बर्फ टाकूच देत नव्हते. सासूबाई म्हणायच्या हे काम तुझं नाही. ताई मला याच गोष्टीवरून कुरकुरली होती, मला फावडंसुद्धा धरू देत नाहीत. मग ती बर्फ टाकायला नव्हती गेली. ती धावत गेली होती. कशासाठी तरी, पायात आहे त्यावर, दार उघडं टाकून. मी ती चप्पल छातीशी धरून त्या अंधाऱ्या खोलीत बसले आणि मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. लाज वाटते सांगायला, पण बरं वाटलं. दुःखाला काही धरायला मिळत नाही, रागाला मूठ असते.

मग मी विचारत सुटले. माझं जपानी दुकानात गिऱ्हाइकांशी बोलून आलेलं, औषधं आणि क्रीमं विकणारं जपानी, त्यात खुनाचे शब्द नाहीत. ओकुमुराबाईंकडे गेले. त्यांनी मला संत्रं दिलं, दुसरं दिलं, आणि शेवटी मी उठत नाही हे बघून एवढंच म्हणाल्या, "आमच्या गल्लीत झाकण उघडं राहत नाही." मी म्हटलं, पण राहिलं होतं. त्या म्हणाल्या, "म्हणून तर सांगते, राहत नाही." आणि दार लावून घेतलं. म्हणजे त्यांना माहीत होतं. म्हणजे सगळ्या गल्लीला माहीत होतं की ते ताईनं उघडलं नव्हतं, दुसऱ्या कुणीतरी उघडलं आणि लावलं नाही, वरून भुरभुरणाऱ्या बर्फात ते तोंड दिसेनासं झालं, आणि ताई त्यावर धावत गेली. मी बाहेर येऊन ते झाकण उचलून पाहिलं. त्याला एक आकडी लागते, आकडीत दोन्ही हात घालून, पाठ ताणून ओढावं लागतं. माझ्या दोन हातांनी ते जेमतेम हललं. हेही मी पाहिलं, आणि तरी माझ्या डोक्यात फक्त ती बारीक बाई होती. पहाटे मला जाग आली होती तेव्हा देवघराच्या खोलीतून त्यांचा आवाज येत होता. अस्थींच्या भांड्यासमोर बसून त्या म्हणत होत्या, "मला बोलता येत नाही गं. मला बोलता येत नाही." मी कागदाच्या दारामागे उभी होते, पायाचे तळवे गार पडलेले, आणि मनात म्हणत होते, मग मीच बोलायला लावते तुम्हाला.

भावोजींना मी गाडीत गाठलं. काच पुसणारी ती काठी मागे-पुढे होत होती आणि ते पुढे बघत होते. मी चप्पल त्यांच्या मांडीवर ठेवली. म्हटलं, भावोजी, ही घालून तुमची बायको बर्फ टाकायला गेली होती? ते म्हणाले, "आईला हल्ली विसरायला होतं." एवढंच. आणि मग, "तिला काही विचारू नकोस. तिला कळलं तर ती जगणार नाही." बस, माझं सगळं जुळलं. म्हातारीनं झाकण उघडं ठेवलं, मुलानं झाकून नेलं, आणि ज्या पोरीचा जीव गेला तिच्यावरच ढकललं, परदेशी, बर्फ कळत नाही, घसरली. मला म्हातारीच्या विसरण्याचा राग नव्हता आला एवढा. राग त्या वाक्याचा. ताई चार वर्षं ते बर्फ शिकत होती. कुठलं बर्फ पाय धरतं, कुठलं सोडतं, हे मला फोनवर सांगायची, मी जांभया द्यायचे. मी म्हटलं, उद्या मी ताईला हाक मारणार आहे, त्या झाकणापाशी. सगळे येतील. तिथं मोठ्यानं सांगा, झाकण कुणी उघडं ठेवलं ते. पोलिसांना नका सांगू, मला काही नको, फक्त तिला सांगा, की तुझी चूक नव्हती. ते म्हणाले, मला वेळ दे. मग विचारलं, हाक मारतात म्हणजे नक्की काय करतात? मी त्यांना सांगितलं, नाण्यांचं, पुलांचं. आमच्या भाषेतलं ते वाक्य त्यांनी माझ्याकडून म्हणून घेतलं. ताई, पूल आलाय, ओलांड. अडखळत, पण म्हटलं. त्या क्षणी मला ते जवळजवळ आवडले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे जमले. ओकुमुराबाई आल्या, आणखी दोन-चार शेजारी, काळे कोट घालून, हात पुढे बांधून. झाकणाशेजारी मी उदबत्त्या बर्फात खोचल्या. खाली पाणी घोंघावत होतं. मी भावोजींकडे पाहिलं. ते झाकणाकडे बघत होते. मी वाट पाहिली, उदबत्ती अर्धी होईपर्यंत, लोक पाय बदलायला लागेपर्यंत. सासूबाई त्यांच्याकडे बघत होत्या, मुलाकडे, टक लावून, मला वाटलं धाक घालतायत. ते नाही बोलले. मग मी ताईच्या नावानं हाक मारली आणि नाणी टाकली, बर्फावर, लाल फडक्यावर. एक छाप, एक काटा. पहिल्या फटक्यात हो. अहो, मला तिचा इतका संताप आला. मेल्यावर तरी जरा अडून बस. जरा ताण. पण नाही, ही आपली पहिल्याच शब्दाला हो, चल, निघू या, उगाच कुणाला त्रास नको. मी मान वर केली तर सगळ्यांचे चेहरे माझ्याकडे. त्यांना काय कळतंय त्या नाण्यांतलं? भावोजींना मी नाण्यांनी विचारतात एवढंच सांगितलं होतं, हो कुठलं आणि नाही कुठलं ते सांगायचं राहून गेलं होतं. आणि माझं तोंड माझ्या आधी बोललं. मी म्हटलं, "नाही म्हणते." परत टाकली. हो. मी म्हटलं, नाही. तिसऱ्यांदा टाकली, एक नाणं गिरकी घेऊन पडलं, तरी हो, हो म्हणजे हो, ताई बर्फात उभं राहून मान डोलवतेय असं दिसत होतं मला. मी नाणी उचलून मुठीत घट्ट धरली आणि म्हटलं, ती येत नाही. ती म्हणते मी इथंच राहणार, या दारात, या पाण्यात, झाकण कुणी उघडं ठेवलं ते जोवर कुणी सांगत नाही तोवर.

कुणी हललं नाही. भावोजींच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना मी पाहिला आणि मला वाटलं, मोडलं, काहीतरी मोडलं. पण सासूबाई पुढे आल्या, झाकणापर्यंत, आणि वाकल्या. खूप खाली. डावा हात गुडघ्यावर, उजवा लोंबत. आणि म्हणाल्या, "राहू दे. घर तिचंच आहे."

मला या उत्तराचं काय करावं कळेना. घाबरायचं सोडून ही बाई स्वागत करते? मी आत जाऊन पिशवी भरली, ताईच्या नावाची पट्टी कपड्यांच्या तळाशी, उदबत्तीची राख रुमालात, चोरून, चोरासारखी. भावोजी पिशवी घ्यायला दारात उभे होते. आणि मग मला कळलं मी काय करून बसलेय. त्या घरातून बाहेर पडायचं तर तो नाला ओलांडावाच लागतो. दारासमोरच, दोन पावलांवर. पहिलं पाणी. तिथं ताईला मोठ्यानं सांगायला हवं होतं, ताई, नाला आलाय, ओलांड. आणि भावोजींना ते वाक्य माझ्याइतकंच पाठ होतं. मी ओठ उघडले असते तर त्यांना कळलं असतं की ताई माझ्याबरोबर निघालीय, की मी खोटं बोलले, की त्यांची सुटका झाली. ते एक पाऊल मागे होते, सासूबाई उंबऱ्यात. मी त्या झाकणावर पाय ठेवला, ते वाजलं, ठण्, आणि मी गप्प राहिले. दात दातांवर. मनात म्हटलं, पण मनात म्हटलेलं मेलेल्या माणसाला ऐकू जात नाही, आईनं बजावलं होतं. पुढे गाडी हलल्यावर, भावोजी फलाटावर बारीक झाल्यावर, मी प्रत्येक बोगद्याला, प्रत्येक पुलाला मोठमोठ्यानं सांगत गेले, समोरचे आजोबा उठून दुसऱ्या डब्यात गेले. पण कुणाला सांगत होते मी? ती त्या पहिल्या झाकणाच्या पलीकडेच उभी असणार, एका पायात चप्पल, हसून वाट बघत, कुणीतरी सांगेल म्हणून.

घरी आल्यापासून आई रोज नाणी टाकते. आलीस का गं? दोन्ही छाप. मंदिरातली जागा आवडली नाही का? दोन्ही काटे. थंडी वाजते का, शेंगदाण्याची वडी हवी का, तुझ्या बापानं तुझ्या लग्नात तोंड वाकडं केलं होतं त्याचा राग आहे का? बाबा तिकडून म्हणायचे, "मला कशाला मध्ये ओढतेस, वडीचंच विचार परत." आई विचारायची. नाही. नाही. नाही. जिला आयुष्यभर नाही म्हणता आलं नाही ती आता दुसरं काही म्हणत नव्हती, आणि मी शेजारी बसून भाजी निवडत होते. मी आईला सांगू शकले असते. नाही सांगितलं. कारण तिकडे दुसऱ्या घरात ताई दारात उभी असल्याची भीती जेवायला बसत असणार रोज, आणि ती उठून जाऊ नये असं मला वाटत होतं. आईला मिळणारं 'नाही' आणि त्यांची भीती, दोन्ही एकाच दोरीला बांधलेली होती आणि दोरी माझ्या हातात. ती मला सोडवत नव्हती.

तर मी त्या सैल झाकणावर उभी आणि फोन थरथरतोय. मी उचलला. भावोजी म्हणाले, इकडे बर्फ वितळलं. खालच्या जाळीपाशी दुसरी चप्पल सापडली. आई ती रोज दाराशी ठेवते, तोंड बाहेर करून, आणि स्वतःशीच म्हणते, तिला जायचं असेल तेव्हा जाता यावं. मग म्हणाले, "यिंग, ती गेली नाही तर आई पण जाईल असं वाटतं. जेवत नाही. माझ्याशी बोलत नाही. कधीपासून बोलत नाही." मी म्हटलं, कधीपासून? ते म्हणाले, त्या दिवसापासून. माझ्या डोळ्यासमोर तो हात आला. डाव्या हातानं ओतलेला चहा, लोंबणारा उजवा, आणि दोन्ही हातांनी, पाठ ताणून ओढायची ती आकडी. सगळं मी पाहिलेलं होतं, ऐकलेलं होतं, आणि ठेवून दिलं होतं, कारण मला म्हातारीच हवी होती. दुष्ट सासू हाताशी आयती असताना कोण दुसरं शोधतं?

मी म्हटलं, "तुझ्या आईला झाकण उचलता येतं?"

पहिल्यांदा मी त्यांना अरे-तुरे केलं. त्यांच्या भाषेत तर ते आणखीच उघडं पडतं. मी म्हटलं, रस्त्यावर जा. दार सरकल्याचा आवाज आला, मग पावलं, मग पाणी, वितळलेल्या बर्फाचं, तुडुंब. मी म्हटलं, आता बोल. मोठ्यानं. आणि त्सुनेओ बोलला. म्हणाला, मी उघडलं होतं. उशीर झाला होता, तसाच गाडीत बसलो. वाटेत आठवलं. मग एकदम त्याचा आवाज चढला, तो रस्त्याला सांगत होता आता, बंद दारांना सांगत होता. "मीच तिला फोन केला. म्हटलं, पटकन जा, लावून टाक, शेजाऱ्यांनी बघायच्या आत." शेजाऱ्यांनी बघायच्या आत. त्यासाठी चप्पल घालून धावली ती. पहिल्याच शब्दाला हो. आणि त्याच्या आईला ताईचं फोनवरचं बोलणं सगळं ऐकू गेलं होतं, ती जिन्याखालीच उभी होती, आणि तिनं मुलासाठी तोंड शिवून घेतलं.

सोयादुधाची पिशवी गार झाली होती. मी म्हटलं, "आता तिला नाला ओलांडायला सांग." तो म्हणाला, पण ती तर नाही म्हणाली होती ना? मी म्हटलं, सांग. त्यानं आमच्या भाषेत सांगितलं, सगळे सूर चुकवून, ताई, नाला आलाय, ओलांड. मी फोन तसाच कानाला धरून, पायाखालच्या झाकणाकडे बघत, तेच म्हटलं. नाश्त्याच्या दुकानातला माणूस कढई सोडून माझ्याकडे बघत राहिला.

त्या संध्याकाळी आईनं नाणी टाकली. एक छाप, एक काटा. आईनं परत टाकली, परत टाकली, मग फडकं तोंडाला लावून रडली आणि बाबांना म्हणाली, शेवटी वडीच हवी होती हो तिला. त्सुनेओचा निरोप आला होता, आली का? मी लिहिलं, नाही. उद्या परत सांग. पूर्ण सांग, कुणी उघडलं, कुणी फोन केला, कशासाठी. रस्त्यावर उभं राहून. तो सांगतो. रोज सकाळी सांगतो, ओकुमुराबाई आता दार लावून घेत नाहीत म्हणे, उघडं ठेवून ऐकतात. रोज विचारतो, आली का, आणि मी रोज लिहिते, नाही.

असं बघू नका माझ्याकडे. एक गोष्ट राहिली. परवा तिकडून पार्सल आलं, आत ती दुसरी चप्पल, धुऊन, पांढऱ्या कागदात. मी ती पहिलीशेजारी ठेवली, दोन्हींची टोकं घराकडे करून, ताई टाकायची तशी. आणि सासूबाईंना फोन लावला. काय बोलायचं ठरवलं नव्हतं, माफी मागायची होती बहुतेक. त्यांनी मला मागू दिली नाही. तोच कागद सरकवल्यासारखा आवाज, म्हणाल्या, "ती गेली ना? घर हलकं झालंय, मला कळलं." मी घाबरून विचारलं, तुम्ही त्सुनेओला सांगितलंत?

"नाही," म्हणाल्या. "मला न बोलायची सवय आहे. सांगू दे त्याला अजून."